नापोलीची माणसे मराठीत कोणती बोली बोलतील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांची घरची बोली मालवणी आहे. ते पाच वर्षे इटालियन शिकले आहेत आणि सरावासाठी म्हणून त्यांनी एलेना फेर्रान्ते यांच्या नापोली (नेपल्स) शहरावरील कादंबरीची पहिली चाळीस पाने मराठीत आणली आहेत. निवेदन त्यांनी प्रमाण मराठीत ठेवले आणि पात्र बोलीत बोलते असे मुळात सांगितले आहे तिथे संवाद मालवणीत लिहिले. दोन मित्रांनी ही पाने वाचली. एकाला संवाद फार आवडले, पण आपण सावंतवाडीत आहोत असे त्याला सारखे वाटत राहिले. दुसऱ्याने सांगितले की यापेक्षा इंग्रजी अनुवाद सहज वाचता येतो. आता मालवणी ठेवावी की काढावी, आणि काम करताना इंग्रजी अनुवाद शेजारी उघडा ठेवावा की नाही, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली सुमारे पंचवीस वर्षे इटालियनमधून मराठीत अनुवाद करते आहे आणि हा प्रश्न मला प्रत्येक पुस्तकात नव्याने सोडवावा लागला आहे. म्हणून सरसकट हो किंवा नाही असे उत्तर मी देणार नाही. तुमच्या पुरते उत्तर मात्र देता येईल: या कादंबरीतून मालवणी काढावी. त्याचे कारण मालवणीत काही उणे आहे हे नव्हे, तर या कादंबरीत बोली जे काम करते ते मालवणीने होत नाही. तुमचा खरा प्रश्न ‘कोणती बोली घ्यावी’ हा नसून ‘मूळ पुस्तकात बोली कशासाठी आहे’ हा आहे, आणि त्याचे उत्तर लेखकागणिक बदलते.

आधी इटलीतील भाषेच्या परिस्थितीविषयी. आपण ज्यांना इटलीच्या बोली म्हणतो त्या प्रमाण इटालियनची गावठी रूपे नव्हेत. नापोलीची, सिसिलीची, वेनेतोची, पिएमोन्तेची भाषा या लॅटिनमधून आपापल्या वाटेने वाढलेल्या भाषा आहेत, आणि प्रमाण इटालियन ही मुख्यतः फ्लॉरेन्सच्या चौदाव्या शतकातील साहित्यभाषेवर उभी राहिलेली लिखित भाषा आहे. १८६१ साली इटली एक राष्ट्र झाले तेव्हा ही राष्ट्रभाषा येणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम २.५ टक्के असावे, असा अंदाज भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला होता. म्हणजे विसाव्या शतकातील इटालियन लेखकांपैकी अनेकांच्या घरात एक भाषा होती आणि कागदावर दुसरी. इन्यात्सिओ सिलोने यांनी ‘फोन्तामारा’ या कादंबरीच्या प्रास्ताविकात हे अगदी स्पष्ट सांगितले आहे. ही कादंबरी १९३३ साली, लेखक स्वित्झर्लंडमध्ये परागंदा असताना, प्रथम जर्मन भाषांतरात प्रसिद्ध झाली. फोन्तामाराचे शेतकरी इटालियन बोलतात असे कोणी समजू नये, असे ते बजावतात. त्यांना ती भाषा लॅटिन किंवा फ्रेंचसारखी शाळेत शिकावी लागते. मग ते म्हणतात की भाषा उसनी घेतली असली तरी सांगण्याची रीत आमचीच आहे. अनुवादकाने हे प्रास्ताविक पुन्हा पुन्हा वाचावे असे मला वाटते, कारण मूळ लेखकाने स्वतःच आधी एक अनुवाद केलेला असतो हे त्यातून कळते. आपण करतो तो दुसरा अनुवाद.

आता फेर्रान्ते. ‘लामिका जेनियाले’पासून सुरू होणाऱ्या चार खंडांत (२०११ ते २०१४) नापोलीची बोली पानावर फार थोडी दिसते. लेखिका बहुतेक वेळा इतकेच सांगते की अमुक माणूस बोलीत ओरडला किंवा तमुक बाई इटालियन सोडून बोलीवर आली, आणि प्रत्यक्ष वाक्य मात्र इटालियनमध्येच लिहिते. हा कंटाळा नाही की वाचकाची सोय नाही. निवेदन करणारी एलेना शिकून वस्तीतून बाहेर पडलेली आहे. इटालियन ही तिची शिडी आहे आणि बोली ही तिला खाली ओढणारी, लाज आणणारी आणि तरीही सर्वांत खरी वाटणारी गोष्ट आहे. ती बोली पानावर येऊ देत नाही यातच तिचे सगळे आयुष्य आहे. तुम्ही ते संवाद मालवणीत लिहिता तेव्हा एलेनाने ज्यावर झाकण ठेवले आहे ते तुम्ही उघडता, आणि तेही वाचकाला गोड वाटेल अशा रीतीने. तुमच्या पहिल्या मित्राला संवाद आवडले यातच धोक्याची खूण आहे. मूळ कादंबरीत बोली ऐकू आली की अंग चोरून घ्यावेसे वाटते, कारण तिच्यामागून बहुतेक वेळा हात उगारलेला असतो.

या कथेवरील दूरचित्रवाणी मालिका २०१८ पासून आली तेव्हा तिच्यात पात्रे खरोखरच नापोलीच्या बोलीत बोलली आणि इटलीतल्याच प्रेक्षकांसाठी खाली इटालियन उपशीर्षके द्यावी लागली. पडद्यावर ते योग्य होते, कारण तिथे एलेनाच्या लेखणीऐवजी कॅमेरा पाहत होता. कादंबरीत ती लेखणी सोडता येत नाही.

मग बोलीचे काय करायचे? मी जिथे जिथे ‘बोलीत म्हणाली’ हे शब्द मुळात आहेत तिथे ते जसेच्या तसे ठेवते आणि पुढचे वाक्य प्रमाण व्याकरणातच, पण घरात बोलतात त्या वळणाने लिहिते. वाक्ये तोकडी होतात, क्रियापदे कधी गळतात, ‘परंतु’ आणि ‘तथापि’ हद्दपार होतात, ‘काय गं’, ‘जा की’, ‘मेली कुठली’ असे कोणत्याही एका जिल्ह्याच्या नावावर नसलेले शब्द येतात. याउलट एलेना इटालियन बोलते असे मुळात सांगितले असेल तिथे मी तिला जरा जास्तच पूर्ण, पुस्तकी वाक्ये देते. अंतर दोन बोलींत न दाखवता एकाच मराठीच्या दोन उंचींत दाखवायचे, ही माझी पद्धत. ती आपल्या वाचकाला लगेच कळते, कारण ‘माह्याकडं’ किंवा ‘व्हतं’ म्हटल्यावर शाळेत उभे राहून ‘शुद्ध’ वाक्य म्हणावे लागलेली माणसे आपल्याकडे घरोघर आहेत. मराठवाड्यातील एका निवृत्त शिक्षिकेने मला लिहिले होते की एलेना घरी आल्यावर आईशी नक्की कोणत्या भाषेत बोलावे या विचारात गप्प राहते तेव्हा तिचे गप्प राहणे मला समजावून सांगावे लागले नाही. त्या बाईंना कोणतीही मराठी बोली पानावर दिसलेली नव्हती.

मालवणीच्या विरोधात दुसरे कारण असे की मराठीतील प्रत्येक बोलीला स्वतःचा भूगोल आहे. ‘खंय’ म्हटले की माडांची आळी आणि मासळीचा बाजार दिसतो. ‘कायले’ म्हटले की कापूस आणि ऊन दिसते. नापोलीची माणसे तिथे राहू शकत नाहीत. ही चूक मी स्वतः केली आहे. सिसिलीतील गंधकाच्या खाणीत उतरणाऱ्या मजुरांच्या एका कथेत मी संवाद वऱ्हाडीत लिहिले होते, आणि यवतमाळच्या एका वाचकाने कळवले की आपल्याच शिवारात उभे आहोत असे वाटत असताना मध्येच लिंबांच्या बागा आणि समुद्र आल्यामुळे पायाखालची जमीन सरकली. कथा चांगली वाटली, पण शेवटपर्यंत कुणाची ते कळले नाही, असेही त्यांनी लिहिले. त्या पत्रानंतर मी ती कथा पूर्ण नव्याने लिहिली.

सर्व लेखकांना हा नियम लागू पडत नाही, आणि इथे परिस्थितीवर अवलंबून राहावे लागते. आन्द्रेआ कामिल्लेरी यांच्या गुन्हेकथांत सिसिलियन शब्द थेट पानावर, इटालियन वाक्याच्या पोटात येतात आणि उत्तरेकडचा इटालियन वाचकही संदर्भावरून ते शिकत जातो. तिथे बोली लपवणे म्हणजे पुस्तकच लपवणे होईल. त्यांचा इन्स्पेक्टर मोन्ताल्बानो फोन उचलल्यावर ‘मोन्ताल्बानो सोनो’ म्हणतो, म्हणजे क्रियापद शेवटी ठेवतो; हे सिसिलीचे वळण आहे आणि प्रमाण इटालियन कानाला ते चटकन वेगळे लागते. मराठीत क्रियापद शेवटीच असते, त्यामुळे हे वाक्य शब्दशः आणले तर त्याचे वेगळेपण पूर्णपणे नाहीसे होते. ‘बोलतोय मोन्ताल्बानो’ असे उलटे लिहावे तेव्हा कुठे तोच धक्का थोडासा उतरतो. म्हणजे मुळाशी इमान राखायचे तर मुळातल्या शब्दक्रमाच्या नेमके उलट जावे लागते. कामिल्लेरींसाठी मी बोलीचा एखादा शब्द तसाच ठेवून वाचकाला तो तीन-चार वेळा भेटेल अशी व्यवस्था करणे पसंत करीन. तो आपोआप शिकला जातो.

प्रीमो लेव्ही यांच्या ‘ला कियावे आ स्तेल्ला’ (१९७८) या पुस्तकात तिसराच प्रकार आहे. त्यातला फाउस्सोने हा क्रेन आणि लोखंडी मनोरे उभारणारा कारागीर इटालियनच बोलतो, पण त्याच्या वाक्यांची बांधणी पिएमोन्तेच्या बोलीची आहे आणि त्यात कारखान्याचे शब्द खच्चून भरले आहेत. त्याला मराठीत कोणत्याही जिल्ह्याची बोली देऊ नये. त्याला वर्कशॉपची मराठी द्यावी, जी पिंपरी-चिंचवडपासून नाशिकच्या सातपूरपर्यंत जवळपास सारखीच ऐकू येते. शीर्षकातली वस्तू म्हणजे आपल्या फिटरचा रिंग पाना. असे शब्द शब्दकोशातून घेऊ नयेत, एखाद्या जुन्या फिटरशेजारी दोन दिवस बसून घ्यावेत.

माझ्या सगळ्यात जवळचे उदाहरण नातालिया गिन्झबुर्ग यांच्या ‘लेस्सिको फामिल्यारे’चे आहे. १९६३ साली हे पुस्तक आले आणि त्याच वर्षी त्याला स्त्रेगा पुरस्कार मिळाला. यात तोरिनो शहरातील एका घरात बोलले जाणारे शब्द आणि वाक्येच मुख्य पात्रे आहेत. लेखिकेचे वडील जुझेप्पे लेव्ही हे विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते; पुढे नोबेल मिळवणारे तीन शास्त्रज्ञ त्यांच्या हाताखाली शिकले. ते त्रिएस्तेचे होते आणि जेवणाच्या टेबलावर मुलांनी पाव रश्शात बुडवला की ‘स्ब्रोदेगेत्सी करू नका, पोताच्ची करू नका’ असे ओरडत. हे शब्द प्रमाण इटालियन नाहीत आणि तोरिनोचेही नाहीत. ते वडिलांबरोबर दुसरीकडून आलेले आहेत. इथे बोलीला प्रदेश नाही, घर आहे. ही भावंडे जगात कुठेही पांगली तरी यातले एक वाक्य उच्चारले की अंधाऱ्या गुहेत, लाखो माणसांत, एकमेकांना ओळखतील, असे लेखिका सांगते. हे वाचून ज्याला आपल्या घरातला एखादा शब्द आठवत नाही असा मराठी वाचक मला अजून भेटलेला नाही. म्हणून इथे मी मोकळेपणाने आपल्या घरातली क्रियापदे घेते: ‘ताटात चिवडू नका’, ‘बरबटवू नका’. यात गावाचा वास नाही, स्वयंपाकघराचा आहे, आणि मुळातही तेच आहे.

या पुस्तकात मला सर्वांत जास्त दिवस अडवून ठेवले ते मात्र एका साध्या क्रियापदाने. इटालियनमध्ये ‘दिचेवा’ म्हणजे ‘तो म्हणत असे’; हा अपूर्ण भूतकाळ पानोपानी येतो आणि घराची सवय, वर्षानुवर्षे तेच तेच बोलणे, त्यातून ऐकू येते. इंग्रजीला इथे प्रत्येक वेळी जादा शब्द जोडावे लागतात किंवा साध्या भूतकाळावर भागवावे लागते. मराठीकडे मात्र रीतिभूतकाळ आहे: ‘म्हणे’, ‘म्हणत’, ‘ओरडे’, ‘येई’. मला वाटले काम झाले. पण ‘म्हणे’ या एका रूपाला मराठीत दुसरा अर्थ चिकटला आहे, ‘असे ऐकिवात आहे’, आणि ‘आई म्हणे आजारी होती’ या वाक्यात आई काही म्हणत होती की ती आजारी होती असे लोक म्हणत होते हे कळत नाही. लेखिका तर प्रस्तावनेतच बजावते की यातले काहीही तिने रचलेले नाही; त्या पुस्तकावर ऐकीव गोष्टीची सावली पडता कामा नये. शेवटी वडिलांसाठी आदराचे ‘म्हणत’ आणि बोलके ‘म्हणायचे’ अशी दोन रूपे मी आलटून पालटून वापरली आणि ‘म्हणे’ पूर्णपणे टाळले. चार महिने काम झाल्यावर हा निर्णय झाला आणि मग पहिल्या पानापासून सगळी क्रियापदे पुन्हा तपासावी लागली.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवावा का? अ‍ॅन गोल्डस्टीन, विल्यम वीव्हर यांच्यासारख्या अनुवादकांविषयी मला मनापासून आदर आहे; आपल्यापैकी बहुतेकांना इटालियन साहित्य त्यांच्यामुळेच भेटले, आणि २०२४ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एकविसाव्या शतकातील उत्तम पुस्तकांसाठी लेखक-समीक्षकांची मते मागवली तेव्हा फेर्रान्ते यांची ही कादंबरी पहिली आली, ती गोल्डस्टीन यांच्या इंग्रजीत वाचली गेली म्हणून. तरीही माझा सल्ला असा की पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत इंग्रजी प्रत कपाटात ठेवावी आणि नंतर केवळ शंका तपासण्यासाठी उघडावी. इंग्रजीला ज्या ठिकाणी अडचण येते तिथे मराठीला येतेच असे नाही. इंग्रजी शेजारी असली की तिची अडचण आपण विनाकारण आपली करून घेतो.

नात्यांचे शब्द पाहा. इटालियन ‘निपोते’ या एका शब्दात नातू, नात, पुतण्या, पुतणी, भाचा आणि भाची सगळे मावतात. इंग्रजीत किमान नातू आणि पुतण्या-भाचा वेगळे करावे लागतात. मराठीत तर पूर्ण वंशावळ काढल्याशिवाय एक पाऊल पुढे जाता येत नाही. लाम्पेदूसा यांच्या ‘इल गात्तोपार्दो’मध्ये (१९५८) तान्क्रेदी हा प्रिन्स फाब्रित्सिओचा ‘निपोते’ आहे. तो त्याच्या बहिणीचा मुलगा आहे हे शोधले की मराठीत तो भाचा होतो, प्रिन्स त्याचा मामा होतो, आणि प्रिन्सची मुलगी कोन्चेत्ता ही तान्क्रेदीची मामेबहीण होते. कोन्चेत्ताचे तान्क्रेदीवर प्रेम आहे. तो मात्र श्रीमंत कालोजेरो सेदाराच्या मुलीशी, आंजेलिकाशी लग्न करतो. इंग्रजी वाचकाला कोन्चेत्ता ही एक निराश झालेली तरुणी दिसते. महाराष्ट्रातील बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्न ही रीतीची गोष्ट राहिली आहे, त्यामुळे मराठी वाचकाला कोन्चेत्ताची अपेक्षा हक्काची वाटते आणि तान्क्रेदीचे वागणे अधिक कठोर दिसते. हा अर्थ सिसिलीत तसाच्या तसा नव्हता, हे मला मान्य आहे. पण मुळातले नाते बरोबर सांगितल्यावर वाचक आपल्या अनुभवातून जे जोडतो ते मी थांबवू शकत नाही. ‘पुतण्या’ असे चुकीचे लिहून मात्र मी ते कायमचे बंद करू शकले असते, आणि इंग्रजीवरून काम करणाऱ्याच्या हातून ते सहज होते.

संबोधनांचेही असेच. इटालियनमध्ये जवळिकीचे ‘तू’ आहे, आदराचे ‘लेई’ आहे, आणि दक्षिणेत दीर्घकाळ टिकलेले आदराचे ‘व्होई’ आहे. १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने ‘लेई’ परदेशी आणि बायकी ठरवून सर्वांवर ‘व्होई’ लादण्याची मोहीम काढली होती, त्यामुळे त्या काळावरील कादंबरीत ‘व्होई’ ऐकले की ते दक्षिणेचे आहे, जुन्या वळणाचे आहे की सत्तेच्या भीतीचे आहे हे पाहावे लागते. इंग्रजीत हे तिन्ही एकाच शब्दात बुडतात. आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेत, अरे-तुरे आणि अहो-जाहो यांतले अंतर आपण रोज मोजतो, आणि दोन माणसे एकावरून दुसऱ्यावर येतात तेव्हा काय घडले हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. ‘लेई’साठी ‘आपण’ वापरावे असा मोह मात्र टाळावा. ‘आपण’ दरबारी वाटते, आणि ‘लेई’ तर तोरिनोचा ट्रामवालाही वापरतो. मी दोन्हींसाठी ‘तुम्ही’ घेते आणि फरक बाकीच्या वाक्यातून दाखवते.

तुमचा दुसरा मित्र इंग्रजी सहज वाचता येते म्हणाला, त्याने मन खट्टू होऊ देऊ नका, पण त्यामागचे कारण ओळखा. आपण परदेशी कादंबऱ्या इंग्रजीत वाचत मोठे झालो, आणि त्या इंग्रजीतला शब्द कोणत्या गल्लीचा, कोणत्या वर्गाचा हे आपल्या कानाला फारसे कळत नाही. त्यामुळे काहीही खटकत नाही. मराठीत मात्र प्रत्येक शब्दाचे घराणे आपल्याला ऐकू येते. फेर्रान्ते यांच्या कादंबरीत एलेनाची मैत्रीण लीला हिचे वडील बूट शिवतात, दुरुस्त करतात. त्यासाठी मराठीतला नेहमीचा शब्द लिहिला की वाचकाच्या मनात लगेच जात उभी राहते आणि गरिबीची, कष्टाची ती गोष्ट जातीची होऊन बसते. इंग्रजी वाचताना त्याच वाचकाला हा प्रश्न पडलेला नसतो. मी तिथे ‘त्यांचे बुटांच्या दुरुस्तीचे दुकान होते’ असे लिहीन. वस्तीसाठीही ‘चाळ’ किंवा ‘पेठ’ न घेता ‘वस्ती’ हाच शब्द शेवटपर्यंत ठेवीन, कारण पहिले दोन शब्द मुंबई-पुण्याचे भाडेकरू घेऊन येतात. मराठी वाचक अधिक कडक परीक्षक आहे तो असा. मला तरी तो हवाच असतो.

वाचकाचे मन घडवण्याचे काम पहिल्या पानाच्याही आधी सुरू होते, म्हणून शीर्षकांविषयीही सांगते. गिन्झबुर्ग यांच्या पुस्तकाला इंग्रजीत १९६७, १९९७ आणि २०१७ अशा तीन अनुवादांत तीन वेगळी नावे मिळाली: एकदा घरातली वचने, एकदा आम्ही बोलायचो त्या गोष्टी, आणि शेवटी मुळाच्या जवळ जाणारा घरचा शब्दसंग्रह. प्रीमो लेव्ही यांच्या, आउश्वित्झच्या नाझी छळछावणीतील अनुभवांवरच्या पहिल्या पुस्तकाच्या नावात ‘हा माणूस आहे का’ असा विचार करायला लावणारे एक अर्धे वाक्य आहे. अमेरिकेत ते पुढे आउश्वित्झमधून जिवंत राहिल्याची कहाणी या अर्थाच्या नावाने विकले गेले, आणि प्रश्नाच्या जागी दिलासा आला. त्यांच्या ‘ला त्रेग्वा’चे (१९६३) तर याहून वाईट झाले. त्रेग्वा म्हणजे दोन लढायांमधला विराम. छावणीतून सुटून घरी परतण्याचा प्रवास ही फक्त मधली सवड आहे, छळ स्वप्नात पुन्हा सुरू होतो, असे पुस्तकाचा शेवट सांगतो. अमेरिकेत त्याला पुन्हा जागे होण्याचे, नव्या पहाटेचे नाव दिले गेले. मराठीत ‘युद्धविराम’ फारच सरकारी आहे आणि ‘तह’ चुकीचा. ‘उसंत’ हा शब्द मला या पुस्तकासाठी नेमका वाटतो, कारण उसंत नेहमी संपतेच. एका प्रकाशकाने मला याच कारणासाठी हा शब्द बदलायला सांगितले होते. नावात आशा हवी असे त्यांचे म्हणणे होते. मी बदलला नाही आणि ते काम पुढे गेले नाही. आज विचारले तरी मी तेच करीन.

लेव्ही यांच्याच पहिल्या पुस्तकाची आणखी एक हकीकत या चर्चेत हवी. १९४७ च्या पहिल्या आवृत्तीच्या २,५०० प्रती छापल्या गेल्या आणि न विकलेल्या सुमारे ६०० प्रती १९६६ च्या फ्लॉरेन्सच्या पुरात गेल्या. दरम्यान १९५८ साली एइनाउदी प्रकाशनाने पुस्तक पुन्हा काढले तेव्हा कुठे त्याला वाचक मिळाले. १९६१ साली जर्मन अनुवाद आला. हाइन्झ रीट हे अनुवादक इटलीत शिकलेले आणि इटालियन प्रतिकारकांबरोबर लढलेले होते, तरी लेव्ही प्रत्येक पान तपासत होते. छावणीत पहारेकऱ्यांची जर्मन भाषा ओबडधोबड, शिवराळ होती. अनुवादकाच्या हातून ती स्वच्छ, शिकलेल्या माणसाची जर्मन होऊन येई आणि लेव्ही ती परत खरबरीत करायला लावत. त्यांना भाषांतर नव्हे तर त्या शब्दांची मूळ भाषेत पुनःस्थापना हवी होती. माझ्या मते बोलीच्या प्रश्नावर हे सर्वांत स्पष्ट उत्तर आहे. लेव्हींना तिथे कोणत्या प्रदेशाची जर्मन हवी होती हा प्रश्नच नव्हता. शब्द कानावर कसा आदळला, इतकेच त्यांना राखायचे होते.

तळटिपांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण मालवणी काढल्यावर तिची जागा टिपांनी भरण्याची इच्छा होईल, म्हणून एवढेच सांगते: कादंबरीत टीप शक्यतो नको, आणि सुरुवातीला नापोलीच्या भाषेविषयी एक पानाचे निवेदन पुरे. फेर्रान्ते यांनी लीलाच्या भयासाठी वापरलेला ‘स्मार्जिनातुरा’ हा छपाईतला शब्द, जिथे मजकूर समासाबाहेर कापला जातो, त्यालाही मी टीप देणार नाही. ‘कडा सुटणे’ असा शब्द पहिल्यांदा येईल तिथेच तो वाचकाच्या अंगावर येईल असे आजूबाजूचे वाक्य बांधीन.

तेव्हा तुमच्या चाळीस पानांपुरते असे करून पाहा. मालवणी संवाद एका वेगळ्या कागदावर उतरवून ठेवा, फेकू नका. त्यातली लय तुम्हाला उपयोगी पडेल, कारण रागावलेली बाई श्वास कुठे घेते हे तुमच्या मालवणीला ठाऊक आहे. मग इंग्रजी प्रत बंद करून त्याच संवादांची घरगुती पण निनावी मराठी लिहा. सुरुवात त्या प्रसंगापासून करा जिथे दोघी मुली अंधारा जिना चढून दॉन आकिल्लेच्या दारापर्यंत जातात. तिथे पहिल्याच शब्दाशी तुम्हाला थांबावे लागेल. ‘डॉन’ लिहिले तर हिंदी चित्रपटातला गुंड येईल, ‘दोन’ लिहिले तर आकडा वाचला जाईल, आणि ‘आकिल्लेशेट’ केले तर तो पुन्हा कोकणातल्या दुकानात जाऊन बसेल. मी ‘दॉन’ लिहिते, आणि तो आदराचा शब्द आहे हे मुलींच्या ‘तुम्ही’वरून आणि जिन्यात दबलेल्या त्यांच्या आवाजावरून वाचकाला कळू देते. हा प्रसंग झाला की तो आधी दुसऱ्या मित्राला वाचायला द्या.